हौदातली राणी

१

तिकिटं फाडून झाली होती. कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या फाटकाबाहेर शे-दोनशे माणसं घाम पुसत उभी होती, पोरं बापांच्या खांद्यांवर चढून बसली होती, आणि फाटक काही उघडेना. शेवटी जिनाचे मालक खुशालराव स्वतः बाहेर आले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली आणि म्हणाले, "आज खेळ नाई. आपली राणी गेली. कोनं तरी जहर घातलं तिले."

राणी म्हणजे समुद्रातला एक अजस्र जीव, काळा आणि गुळगुळीत, माणसापेक्षा हातभर लांब. अकोल्यातल्या लोकांनी तसलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. कापसाचा हंगाम सरला की जिनं बंद पडतात आणि मालक चार महिने माश्या मारत बसतात. खुशालरावांना ते पटत नव्हतं. जिनात आग विझवायला बांधलेला सिमेंटचा मोठा हौद उन्हाळाभर रिकामाच असतो. त्यांनी त्यात पाणी भरलं, मिठाची पोती ओतली, कोकणातून राणी आणवली आणि फाटकावर पाटी लावली: 'समुद्राचा राजामासा, प्रत्यक्ष जिवंत.' राणीला राजा का म्हटलं, हे विचारायचं भान कोणाला नव्हतं. मे महिन्यात अकोल्यात दुसरी करमणूक नव्हती, आणि १९५९ च्या त्या मे महिन्यात तर कावळेसुद्धा दुपारी झाडाखालून हलत नव्हते.

त्याच संध्याकाळी पोलिसांनी जिनाचा चौकीदार नत्थुजी याला धरून नेलं. दुपारभर तो हौदावर बादल्या ओतताना दिसला होता, असं सांगणारी एक बाई निघाली होती. एवढं पोलिसांना पुरलं.

२

अमरावतीचे फौजदारी वकील हरिहर दाणी सोमवारी सकाळच्या एस.टी.तून अकोल्याला उतरले तेव्हाच त्यांचं डोकं तापलेलं होतं. मूर्तिजापूरला गाडी तासभर उभी होती, खिडकीच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती, आणि बहिणीची तार खिशात होती. तारेत एवढंच होतं, की लगेच या, निरपराध माणूस आत आहे.

त्यांची बहीण तारा मुलींच्या शाळेत शिकवायची आणि एकटीच राहायची. तिच्या ओसरीवर नत्थुजीची बायको कौशल्या भिंतीला टेकून बसली होती. हरिहरपंत दिसताच तिनं पदर सावरला.

"मास्तरीणबाई, हेच काय तुमचे भाऊ?" तिनं विचारलं. मग पंतांकडे वळून म्हणाली, "सायेब, त्याले कितीक वर्षं टाकतीन आत? घरात कमावनारा थोच एक हाय."

"पाच वर्षांपर्यंत टाकता येतं," पंत म्हणाले. उगाच गोड बोलणं त्यांना जमायचं नाही. "दंडविधानात तसं कलम आहे. दुसऱ्याचं जनावर मुद्दाम मारलं, तर ते मालाचं नुकसान. बैल, घोडा, उंट, आणि किमतीचं दुसरं कुठलंही जनावर."

"आणि त्या जनावराला महिनाभर उन्हात हौदात डांबलं, तर?" ताराने विचारलं.

"तर चहापाण्याला पुरणार नाही एवढा दंड. तोही कुणी तक्रार केली आणि ती कुणी ऐकली तर."

तारा हसली, पण त्यात हसणं काही नव्हतं. हा खेळ सुरू झाल्यापासून ती त्याच्यामागे लागली होती. राणीची पाठ उन्हानं सोलून निघते आहे, ती दिवसभर त्या चार भिंतींत गोल गोल फिरते, डोकं भिंतीवर घासते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला परत समुद्रात सोडा, असा अर्ज लिहून तिने भावाला दाखवायला पाठवला होता. पंतांनी उलट टपाली कळवलं होतं, की असला अर्ज कुणी वाचणारसुद्धा नाही, मिळेल तेवढंच माग. मग ताराने कलेक्टरसाहेबांकडे नुसती सावली मागितली. ती मिळाली. गेल्या शुक्रवारी साहेबांचा हुकूम आला, की प्राण्यावर दुपारच्या वेळी सावलीची व्यवस्था करावी.

"हुकूम शुक्रवारी आला आणि शनिवारी ती मेली," तारा म्हणाली. "दादा, तिला सावलीतला एक दिवससुद्धा नीट मिळाला नाही."

"नत्थुजी काय म्हणतो?"

कौशल्या म्हणाली, "थो काय म्हनते. पानी टाकलं म्हनते. पोलिसानं विचारलं, बादल्या टाकल्या का, त हो म्हने. दुसरं कोनी काही विचारतच नाही त्याले."

३

कोठडीत नत्थुजी उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, काटक, मान खाली घालून बोलणारा माणूस. उजव्या हाताच्या बोटांना त्याने चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"मारलं का पोलिसांनी?" पंतांनी विचारलं.

"नाई जी. दाभन लागली."

दाभण म्हणजे पोती शिवायची जाड सुई. जिनातल्या माणसाच्या बोटाला ती लागायचीच. पंतांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं. "बादल्यांत काय होतं?"

"पानी."

"नुसतं पाणी?"

"नुसतं पानी सायेब. हिरीचं. गारवा राहावा म्हून टाकून रायलो होतो. मालकानंच सांगतलं, सांजवरी टाकत राय म्हून."

पंतांना चीड आली. एवढा अवाढव्य हौद, त्यात दहा-वीस बादल्या ओतून गारवा येतो म्हणे. हे न्यायाधीशापुढे सांगायचं कसं? तो माणूस खरं बोलत होता हे तर स्पष्ट दिसत होतं, आणि खरं इतकं खुळं होतं की खोटं बरं वाटावं.

"मग ती मेली कधी?"

"मले काय मालूम जी. चार वाजता मालकानं मले बरफ आनाले धाडलं. बरफ घेऊन आलो त फाटक बंद. आत गेलो त राणी गेलती." त्याने बोटावरची चिंधी ओढून घट्ट केली. "दुपारी झोपली असन वाटलं मले. रोज कशी फुसफुस करे, दूरूनच आयकू ये. त्या दिवशी गप झाली. म्हटलं, गारव्यानं झोप लागली बिचारीले."

"तुझं कुणाशी वैर? मालकाशी भांडण?"

"मालकाचं मीठ खाल्लं, भांडन काऊन करीन?"

पंत बाहेर आले. एक तास घालवून हाती काय आलं, तर दाभण, पाणी आणि झोप. त्यांनी रस्त्यावरच उभं राहून टोपीने वारा घेतला आणि स्वतःशी चरफडत जिनाकडे चालू लागले.

जिनाच्या फाटकावर पुन्हा रांग लागलेली होती. राणी मेली तरी खेळ चालूच होता.

४

अर्ध्या तिकिटात मेलेली राणी दाखवत होते. हौदाशेजारी भुसा पसरून त्यावर बर्फाच्या लाद्या रचल्या होत्या आणि वर ती पडली होती. यातला पहिला बर्फ नत्थुजीनेच आणलेला, त्याने तो जिवंत राणीसाठी आणला होता. दोन दिवसांत वास सुटला होता. बायका नाकाला पदर लावून हळद-कुंकू वाहत होत्या. पंतांना तिकीट काढावं लागलं, आणि खुनाच्या जागी तिकीट काढून जायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

ते वाकून बघू लागले. पाठीवरची कातडी ठिकठिकाणी सोलली होती, पांढरे चट्टे पडले होते. डोक्यावर, अगदी माथ्याच्या मध्यावर, एक भोक होतं.

"सब्बल मारली असन बुडव्यानं," शेजारचा म्हातारा म्हणाला. "जहर दिलं, वरून मारलं बी."

पंतांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जखमेला कडा फाटलेल्या असतात, रक्त साकळलेलं असतं. इथे तसं काही नव्हतं. भोक चंद्रकोरीच्या आकाराचं होतं, कडा जन्मतःच असाव्यात तशा गुळगुळीत. आणि भोकाच्या कडेला चिकटलेले तीन-चार तपकिरी धागे होते. पंतांनी एक धागा नखाने उचलून रुमालात ठेवला. रखवालदाराने हटकलं, तेव्हा ते खेकसले, "तिकीट काढलंय मी."

समोरच्या चाळीतली मैनाबाई हीच पोलिसांची साक्षीदार. ती गच्चीवर कुरड्या वाळत घालत होती. पंतांना तिने पायऱ्या चढून वर यायला सांगितलं आणि तिथून जिनाची भिंत दाखवली. भिंत उंच होती. हौद दिसतच नव्हता.

"मग तुम्हाला दिसलं काय?" पंतांनी विचारलं.

"नत्थुजीचं डोस्कं दिसलं. अन् बादली वर जाऊन खाली होताना दिसली. एक झाली की दुसरी. तेच सांगतलं मी. जहर होतं का पानी, मले थोडीच मालूम?"

"आवाज वगैरे काही?"

मैनाबाईने विचार केला. "रोज ते फुसफुस करे, थे बंद झाली. मंग लय वेळ धपधप, धपधप होऊन राहिलं. पिंजारी गादी झोडपते ना, तसं. मी म्हटलं, जिनात पिंजारी बसवला असन. मंग तेही थांबलं."

"जिन बंद आहे. पिंजाऱ्याचं काय काम?"

"ते मी कशाले विचारू?" मैनाबाई म्हणाली आणि कुरड्यांकडे वळली.

गच्चीवरून भिंतीच्या अलीकडे एक चर दिसत होता. हौदाचं पाणी सोडून दिलेलं तिथे साठलं होतं आणि त्या पाण्यात दोन काळ्याभोर म्हशी डोळे मिटून आरामात पडल्या होत्या.

"कुणाच्या म्हशी त्या?"

"खुशालरावच्या. जीव की प्राण हायेत त्याचे."

पंत कठड्याला हात टेकून बघत राहिले. हौदाच्या पाण्यात विष आहे असं जो माणूस पोलिसांना सांगतो, तो त्याच पाण्यात स्वतःच्या म्हशी लोळू देतो.

५

खुशालराव ऑफिसात ओल्या वाळ्याच्या ताटीमागे बसले होते. पंतांना त्यांनी मानाने खुर्ची दिली, पन्हं मागवलं. अंगाने भरदार, बोलायला मोकळे, दोन मिनिटांत कुणालाही आपलंसं करणारे.

"वकीलसाहेब, तुमी त्याचे वकील, आमी फिर्यादी. पन पाहुने आधी पाहुने," ते म्हणाले. "माया शक हाय, बस. शक सांगणं गुन्हा नाई ना?"

"नत्थुजीने का मारावं तिला?"

"पागल आहे तो. तिच्यापुढं बसून रडे. तुमच्या बहिणीनं गावभर हवा केली ना, की मासा दुःखी हाय, मासा दुःखी हाय. त्याले वाटलं, सोडवाव एकदाची. दयेनं मारलं असन." त्यांनी पन्ह्याचा घोट घेतला. "मी तिची काय कमी ठेवली होती? रोज रेल्वेनं बर्फात मासे येत तिच्यासाठी. मुंबईचा डॉक्टर आनून दाखवली. छाती ठोकून पायली त्यानं, नळी लावली. म्हने, फुफ्फुसं ठणठणीत हायेत, दहा वर्षं मरत नाई."

"सावलीचा हुकूम आला होता म्हणे."

खुशालरावांनी पेला खाली ठेवला. "हो. करनारच होतो. त्याच्या आधीच हे झालं."

पंत उठले. फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. काहीतरी चुकीचं ऐकलं होतं त्यांनी. काय ते पकडता येईना, आणि उन्हाने डोकं असं भणभणत होतं की स्वतःचं नावसुद्धा आठवायला वेळ लागला असता.

६

राणीला सांभाळणारा तांडेल स्टेशनसमोरच्या हॉटेलात सापडला. कोकण किनाऱ्यावरचा होडीवाला, खुशालरावांनी राणीबरोबरच आणलेला. पोटाशी पेटी धरून तो मुंबईच्या गाडीची वाट बघत होता. शनिवारी दुपारी तो मालधक्क्यावर माशांची पेटी सोडवायला गेला होता, तिथल्या बाबूंनी ते खरं असल्याचं सांगितलं होतं. तरी वकील बघताच त्याला घाम फुटला.

"मी काय केला नाय, साहेब. मी तिला पोरीसारखी आणली. ट्रकमधी गाद्या घातल्या, भिजवल्या, त्यावर तिला निजवली. दोन दिवस नि दोन रात्री तिच्या पाठीवर पाणी ओतीत आलो. डोळा लागला नाय माझा."

पंतांनी चहाचा कप खाली ठेवला. "गाद्यांवर? टाकीत नाही?"

"टाकी कुठली? ओल्या गाद्यांवर."

"दोन दिवस पाण्याबाहेर?"

"व्हय."

आणि मघाशी चुकलेलं काय, ते पंतांना एकदम सापडलं. पूर्णा नदीतला मासा जाळ्यातून काठावर टाकला, की बघता बघता तडफडून मरतो. हा मासा ट्रकमध्ये गादीवर झोपून दोन दिवस प्रवास करून आला. मुंबईच्या डॉक्टरने त्याची फुफ्फुसं तपासली. सारं गाव त्याची फुसफुस ऐकत होतं. आणि माथ्यावर त्याला एक गुळगुळीत भोक होतं.

"तांडेल," ते म्हणाले, "ती मासा नव्हतीच ना?"

तांडेल बराच वेळ पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला.

"चला माझ्याबरोबर," पंत उठले. "तुमची गाडी उद्याही आहे."

७

जिनाच्या गोदामात बारदाना रचून ठेवलेला होता, कापसाच्या गाठींना लागणारी गोणपाटं, शेकड्यांनी. फौजदार कुरकुरत बरोबर आले होते. खुशालराव दारात उभे होते. तारासुद्धा आली होती, पंतांनी तिला बोलावलं नव्हतं.

पंतांनी वरचा बारदाना चाचपला. मऊ होता, कोरडा, धुळीचा. ते एकेक थप्पी चाचपत आत गेले. अगदी कोपऱ्यात, मागे लोटलेली एक थप्पी हाताला टणक लागली. त्यांनी ती ओढून उजेडात आणली. पापडासारखी कडक झालेली, आणि वर पांढरा थर. पंतांनी बोट लावून जिभेवर टेकवलं.

"मीठ," ते म्हणाले. "उलगडा हो ही."

दोघा शिपायांनी उलगडली. वीस-पंचवीस पोती उसवून एकाला एक जोडलेली, सुतळीने शिवलेली, चारी कोपऱ्यांना दोर. पंतांनी रुमालातला धागा काढून शेजारी धरला. रंग तोच, पीळ तोच.

"हंगाम संपलाय, फौजदारसाहेब. जिनात पोती शिवायचं काम नाही. तरी नत्थुजीची बोटं दाभणीने फुटलेली आहेत, कारण हे त्याने शनिवारी सकाळी शिवलं. हे हौदावर अंथरलं. आपण उन्हाळ्यात खिडकीला काय करतो? गोणपाट लावतो आणि त्यावर पाणी मारतो. त्याने दुपारभर तेच केलं. मैनाबाईला बादल्या दिसल्या, त्या हौदात गेल्या नाहीत, या बारदान्यावर गेल्या. हौद तोंडोतोंड भरलेला. भिजून जड झालेला बारदाना पाण्यावर टेकला. आणि चारी बाजूंनी दोर आवळलेले."

"मग?" फौजदारांना अजून उमजत नव्हतं. "माशाला काय त्याचं?"

"माशाला काहीच नाही. तांडेल, सांगा."

तांडेलने खुशालरावांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "गादा म्हणतो आमी तिला. तो मासा नाय. आपल्यागत दम घेतो, डोक्यावरच्या भोकातून. वर येऊन दम घेतल्याबिगर जगत नाय. पिल्लाला दूध पाजतो. मालकांना मी पयल्याच दिशी सांगितला. ते बोलले, मासाच म्हण. दूध पाजणारी म्हटली की बाया हळहळतील, खेळ बंद पडेल."

मैनाबाईने गावभर सांगितलेलं ते धपधप म्हणजे काय होतं, ते ताराला तेव्हा कळलं. तिने भिंतीला हात टेकला.

"मैनाबाईला वाटलं, पिंजारी बसलाय," पंत म्हणाले. "नत्थुजीला वाटलं, गारव्याने झोप लागली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चार वाजता खुशालरावांनी त्याला बर्फाला पिटाळलं, कारण बारदान्याखाली काय झालंय ते त्यांना आधी दिसलं. तो परत यायच्या आत बारदाना इथे लपवला, आणि फाटकाबाहेर येऊन विषाची हाळी दिली. विष असतं तर तुमच्या म्हशी आज त्या पाण्यात दिसल्या नसत्या."

फौजदारांनी खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांनी टोपी नीट केली.

"सावली कराले सांगतली होती, सावली केली," ते शांतपणे म्हणाले. "लेखी हुकूम हाय मायापाशी. मास्तरीणबाईंच्याच अर्जावरचा."

"आवळून बांधायला कुणी सांगितलं होतं?"

"भिंतीवर चढून पोट्टे फुकट पाहेत, वकीलसाहेब. तिकीट काढनाऱ्यानं मंग काय पाहाव? ध्यानात नाई राहिलं माया, की थे दम घेते. चूक झाली. मायंच नुकसान झालं." ते फौजदारांकडे वळले. "शक होता, फिटला. फिर्याद मागे घेतो मी. सोडा नत्थूले."

"एक माणूस पाच वर्षं आत गेला असता," पंतांचा आवाज चढला.

"गेला नाई ना? मंग आता कोनतं कलम लावता, सांगा. जनावर मायं. मेलं त मायं मेलं."

वीस वर्षं पंत कोर्टात उभे राहत होते, कलमं त्यांच्या जिभेवर होती. दुसऱ्याचं जनावर मारलं तर एक कलम होतं. स्वतःचं जनावर असं गुदमरवून मारलं, तर हाताला लागेल असं काहीच नव्हतं. खोट्या फिर्यादीचं एक कलम होतं खरं, पण नुसता शक होता म्हणणाऱ्यावर ते टिकत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. कोडं सुटलं होतं, गुन्हेगार समोर उभा होता, आणि त्याला हात लावायची सोय नव्हती. रागाने त्यांचे कान तापले.

"हळहळतील," तारा खुशालरावांना म्हणाली. "तुम्हाला भीती याची वाटली, की लोक हळहळतील."

"बाई, लोक तिकीट काढून रडाले येत नाईत," खुशालराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुठे द्वेष नव्हता, आणि त्याचाच पंतांना सर्वांत जास्त संताप आला.

८

नत्थुजी मंगळवारी सुटला. संध्याकाळी कौशल्येबरोबर तो ताराच्या ओसरीवर आला, तेव्हा पंत पिशवी भरत होते. बारदान्याचं त्याला बाहेर पडल्यावर फौजदारांनीच सांगितलं होतं. तो पायरीवर बसला.

"मीच पानी टाकलं," तो म्हणाला. "ते जड करून रायलो होतो मी. थे खालून धडका मारे, अन् मी वरून पानी टाको."

"तुम्हाला माहीत नव्हतं," तारा म्हणाली.

"आवाज त आयकला ना मी, बाई. मले वाटलं, खुशीत हाय."

कौशल्येने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तीच म्हणाली, "सायेब, मालकानं मानूस धाडला होता. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी आनून राहिले. कोकनात सांगून ठेवलं हाय. नत्थू, कामावर ये म्हने, झालं गेलं सोड."

पंतांच्या हातातला पंचा तसाच राहिला. "आणि तू काय सांगितलंस त्याला?"

"येतो म्हटलं," नत्थुजी म्हणाला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" पंत गरजले. ओसरीवरचं मांजर उठून आत गेलं. "ज्याने तुला तुरुंगात घातलं, त्याच्या दारात जाणार? अमरावतीला चल. मी काम देतो, माझ्या पक्षकारांची दोन जिनं आहेत."

"कामाचं नाई जी."

"मग कशाचं?"

"मी नाई गेलो त दुसरा कोनी जाईन. त्याले मालक सांगतीन का, थे मासा नोय म्हून?"

ताराला राहवलं नाही. ती पायरीजवळ येऊन खाली बसली. "नत्थुजी, तुम्ही गेलात तर ती जगेल. जगली म्हणजे खेळ चालेल. लोक येतील, मालक तिसरी आणतील, चौथी आणतील. तुमच्यासारखा माणूस मिळाला म्हणून तर हे टिकतं. कुणीच गेलं नाही, तर कदाचित आणणारच नाहीत."

"आनतीन, बाई," नत्थुजी म्हणाला. "अन् नाई गेलं कोनी, त मरीन थे. मंग आनखी आनतीन."

ताराने भावाकडे पाहिलं. असा प्रश्न कोर्टात आला असता, तर पंतांनी चार दाखले फेकले असते. इथे त्यांना सारख्याच जोराने वाटत होतं, की या माणसाने तिकडे फिरकू नये आणि याच्याशिवाय तिथे कुणी जाऊ नये.

"ती येताच तिला परत समुद्रात सोडा, असाच अर्ज करू या," ते ताराला म्हणाले. "पहिल्यासारखा. या वेळी माझी सही खाली."

"कुणी वाचेल?" ताराने विचारलं.

पंतांनी पिशवीतून कागद बाहेर काढला.

नत्थुजी उठला. बोटांवरच्या चिंध्या त्याने सोडून खिशात कोंबल्या, कौशल्येला चल म्हणाला, आणि फाटकापाशी वळून उभा राहिला.

"वकीलसायेब, थ्या तांडेलाची गाडी कोनती हाय? जाऊन विचारून घेतो त्याले, थे रातच्याले झोपते कशी. वर येऊन झोपते का मधामधात उठते. मले तसं जागाव लागन."

पंतांनी गाडी सांगितली. नत्थुजी आणि कौशल्या स्टेशनच्या रस्त्याने भरभर चालू लागले, आणि पंत त्याला थांबवायला दारापर्यंत गेले, पण हाक काही मारली नाही.